माकडांना तुमची इमारत पाठ झाली आहे

वाचकाचं पत्र

आम्ही चार मजली इमारतीत राहतो. गेले काही महिने तांबड्या तोंडाच्या माकडांची एक टोळी जवळजवळ रोज येते. टाकीची झाकणं उघडते, कचरा उपसते, स्वयंपाकघरात शिरते. मागच्या आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातातली पिशवी एका माकडानं हिसकावली. ती किंचाळली, तर त्यानं दात दाखवले. तेव्हापासून ती एकटी जिना उतरत नाही. शेजारच्या आजी रोज सकाळी गच्चीवर त्यांना खायला घालतात. म्हणतात, "आपण त्यांचं जंगल घेतलं, ती कुठे जातील?" आमच्या ह्यांनी गलोल आणली आहे. एकदा त्यांनी दगड मारला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच बाल्कनीतल्या कुंड्या फुटल्या. आता माकडं पकडणाऱ्यांना बोलावून सगळी टोळी लांब जंगलात सोडायची, असा ठराव सोसायटीच्या सभेत येतो आहे. मला भीतीही वाटते आणि त्यांची पिल्लं बघून पोटात तुटतंही. माकडं खरंच डूख धरतात का? आणि सभेत मी कुणाच्या बाजूनं बोलू?

उत्तर

नमस्कार,

पत्र वाचल्यावर पहिला विचार तुमच्या मुलीचा आला, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते. त्या माकडानं तिला गाठलं कारण ती लहान होती आणि तिच्या हातात पिशवी होती. तिचं काही चुकलं नाही, हे तिला आधी सांगा. शहरात मुरलेली माकडं माणसामाणसांत फरक करतात. मोठं कोण, लहान कोण, हातात काठी आहे की पिशवी, समोरचा आपल्याकडे बघतोय की फोनमध्ये मान घालून चाललाय, हे ती लांबूनच टिपतात. पिशवीत खाणं असतं हे त्यांना कधीतरी कळलं. लहान मूल घाबरलं की हातातलं सोडून देतं, हेही कळलं. या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की ती पुढे सरसावतात.

दातांचंही सांगते. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ही मकाक गटातली माकडं आहेत. या माकडांची खरी धमकी वेगळी दिसते: तोंड गोल उघडलेलं, भुवया वर, कान मागे, नजर रोखलेली, आणि कधी पुढे झेपावल्यासारखा हिसका. ओठ मागे ओढून नुसते दात दाखवणं हे पुष्कळदा भेदरल्याचं लक्षण असतं. तुमची मुलगी किंचाळली तेव्हा ते माकडही घाबरलं असण्याची शक्यता बरीच आहे. अर्थात घाबरलेलं माकडही चावतं, त्यामुळे यात निर्धास्त होण्यासारखं काही नाही. पण "ते मला खायला आलं होतं" असं जे तिच्या मनात बसलं असेल, ते यानं थोडं सैल होईल.

हे चेहरे वाचण्यात मोठी माणसंही चुकतात. लेटिशिया मारेशाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बार्बरी मकाक माकडांच्या चेहऱ्यांचे फोटो लोकांना दाखवून एक अभ्यास प्रसिद्ध केला. माकडांचा अनुभव नसलेल्या लोकांना धमकावणारा चेहरा कितीतरी वेळा साधा किंवा चक्क मैत्रीचा वाटला. उलट बाजूनं आपलं हसूही माकडाला हसू वाटेलच असं नाही, कारण त्यात दात दिसतात. म्हणून मुलीला एवढंच शिकवा. माकड समोर आलं तर त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हसायचं नाही, पळायचं नाही. भिंतीच्या बाजूला होत हळूहळू मागे सरकायचं. हातातली वस्तू धरली गेली तर ती सोडून द्यायची, खेचाखेची करायची नाही. पिल्लू कितीही गोड दिसलं तरी त्याच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये जायचं नाही. हे नुसतं सांगू नका, घरात खेळासारखं करून बघा. तुम्ही माकड व्हा, तिला मागे सरकू द्या. काही दिवस तिच्याबरोबर जिना उतरा. हातात पिशवी देण्याऐवजी पाठीवर चेन लावलेलं दप्तर द्या. आणि बंद खिडकीतून तिला ती टोळी मनसोक्त बघू द्या. कोण कुणाच्या उवा काढतंय, कोण आलं की बाकीची बाजूला होतात, पिल्लू कधी आईच्या पोटाला चिकटतं. ओळख झाली की भीती आपोआप आटोक्यात येते.

आता डूख धरण्याबद्दल. तुमच्या कुंड्यांमागे सूड शोधायची गरज मला वाटत नाही. मकाकांचे मोठे नर आपला जोर दाखवायला झाडाच्या फांद्या गदागदा हलवतात. जिथे फांदी नसते तिथे कठडा असतो, पत्र्याची शेड असते, डिशची तबकडी असते आणि कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या असतात. आदल्या दिवशी जिथे दगड बसला, तिथे नरानं जोर दाखवणं यात नवल नाही. मात्र दगडातून ती काहीच शिकली नाहीत असंही नाही. हा माणूस हातात गलोल असताना धोक्याचा, एवढं ती नक्की शिकली. म्हणजे ती तुमच्या ह्यांच्या हातात गलोल नसताना येतील, किंवा ते घरात नसताना, तुम्ही आणि मुलगी दोघीच असताना येतील. शिवाय जखमी माकड जास्त चावरं होतं. गलोल आजच कपाटात जाऊ दे. वन्यप्राण्याला इजा करणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हाही आहे, पण तो मुद्दा मी दुसरा ठेवते. पहिला मुद्दा हा, की गलोलीचा उपयोग होत नाही.

उपयोग का होत नाही, हे कळायला ही माकडं शहरात कशी टिकतात ते बघावं लागेल. सगळ्याच माकडांना शहर मानवतं असं नाही. ब्राझीलमधल्या मानाउस शहरात पाइड टॅमरिन नावाची चिमुकली माकडं राहतात. ती अतिशय धोक्यात आली आहेत. वाहनांच्या आवाजात त्यांच्या हाका बुडतात, आणि आवाज वाढला की ती गंधानं खुणा करण्यावर जास्त भर देतात, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. त्याच देशातल्या बेलो ओरिझोंते शहरातली मार्मोसेट माकडं शहरी बागेतही गोंगाटाचा भाग टाळून शांत कोपरे धरतात. ही शहरात निभावून नेणारी माकडं. तुमच्या इमारतीवर येणारी जात वेगळ्या वळणाची आहे. १९८९ मध्ये ॲलिसन रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मकाकांचे दोन गट पाडले: माणसाच्या शेजाराला भरभराटणारे आणि त्या शेजारापासून लांब राहणारे. पहिल्या गटाला त्यांनी तणाचं नाव दिलं, कारण माणसानं जमीन खणली, झाडं तोडली, वस्ती केली की तिथेच ते फोफावतात. ऱ्हीसस (उत्तर भारतातले), बॉनेट (दक्षिण भारतातले) आणि लांब शेपटीचे (आग्नेय आशियातले) मकाक त्यात येतात. ही माकडं पूर्वीपासूनच जंगलाच्या कडेला, नदीकाठी, रस्त्याकडेला राहत आली आहेत. जवळजवळ काहीही खाऊ शकतात. आणि त्यांच्या गालांत थैल्या असतात. मिळालं ते क्षणभरात गालात कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश चावायचं, ही सोय तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी घडली नव्हती, पण तिथे ती फार उपयोगी पडते.

शरीराची ही तयारी आधीपासूनची. शहरात त्यावर भर पडते ती शिकण्याची, आणि मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते हेच. बाली बेटावरच्या उलुवातू मंदिरातली लांब शेपटीची माकडं पर्यटकांचे चष्मे, टोप्या, चपला, फोन पळवतात. मंदिरातल्या कर्मचाऱ्यानं खाऊ दिला की वस्तू सोडून देतात. फॅनी ब्रोटकोर्न आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावर लिहिलं तेव्हा एक गोष्ट पुढे आली. ज्या टोळ्या पर्यटकांच्या सहवासात जास्त होत्या आणि ज्यांच्यात मोठ्या आणि वयात येणाऱ्या नरांचं प्रमाण जास्त होतं, त्यांच्यात हा प्रकार अधिक होता. झाँ-बाप्टिस्ट लेका आणि त्यांच्या गटानं २०२१ मध्ये पुढचं दाखवलं. मुरलेली, मोठी माकडं माणसाला जी वस्तू जास्त मोलाची तीच उचलतात, आणि तिच्या बदल्यात जास्त चांगला खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात. लहान पिल्लांना ही पारख नसते. ती वाढता वाढता येते. फोनचा त्या माकडाला स्वतःला काडीचा उपयोग नाही. तरीही फोन गेला की माणूस कासावीस होतो, हे त्याला माहीत आहे.

बंडीपूरच्या जंगलातल्या बॉनेट माकडांबद्दल २०१८ मध्ये आलेला अभ्यास याहून साध्या गोष्टीचा आहे, आणि म्हणून मला जास्त प्रिय आहे. तिथली काही माकडं खाणं हातात असलेल्या माणसाकडे बघून एक मऊ 'कू' असा आवाज काढतात आणि हात पुढे पसरतात. माणूस आपल्याकडे बघतोय का याचं त्यांना भान असतं, आणि मिळेपर्यंत ती मागत राहतात. म्हणजे माणसाशी बोलायची त्यांनी एक रीत बसवली.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या बबून नावाच्या दांडग्या माकडांचं तंत्र निराळं. ते दिवसभर शहरात हिंडत नाहीत. वस्तीच्या कडेला, डोंगरउतारावर बसून राहतात, संधी दिसली की झपाट्यानं आत शिरतात, मिळेल ते उचलून बाहेर पडतात. गळ्यात पट्टे बसवून केलेल्या नोंदींत हे स्पष्ट दिसलं: लांबलचक वाट पाहणं आणि मध्येच छोट्या, जोरकस धाडी. जंगलातल्या बबूनाचा दिवस असा नसतो. तुमच्या समोरच्या इमारतीच्या टाकीवर एखादं माकड तास-तासभर नुसतं बसलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते रिकामं बसलेलं नसतं. कुठलं दार कधी उघडतं, कचऱ्याचा डबा केव्हा बाहेर येतो, आजी किती वाजता गच्चीवर चढतात, वॉचमन कधी जागेवर नसतो, हे त्याच्या डोक्यात बसत चाललेलं असतं. तुमच्या सोसायटीतल्या कुणाही माणसापेक्षा त्या टोळीतल्या म्हाताऱ्या मादीला तुमच्या इमारतीचं वेळापत्रक जास्त पक्कं ठाऊक असेल.

त्या मादीकडे खास लक्ष द्या. मकाकांच्या टोळीत माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात. आई, मुली, नाती, मावश्या असं ते घर असतं. नर वयात आले की बाहेर पडून दुसऱ्या टोळीत जातात. म्हणून कुठे काय मिळतं याचं ज्ञान माद्यांच्या ओळीत साठत जातं, आणि आईच्या पोटाला लटकून जिना चढणारं पिल्लू ते बघत मोठं होतं. यंदा तुमची इमारत त्या पिल्लांना जे शिकवील, ते पुढची कितीतरी वर्षं टिकेल. मला या सगळ्या पत्रव्यवहारात सांगायचं आहे ते एवढंच. तुमची इमारत रोज त्यांना धडे देते आहे. उघड्या डब्याचा एक धडा, आजींच्या हातचा एक, गलोलीचा एक, किंचाळण्याचा एक. हे सगळे धडे एकमेकांशी विसंगत आहेत. त्यातून त्यांनी जे काढलं ते असं: इथे थोडा धोका आहे, पण येणं परवडतं.

आता आजींकडे येऊ. त्यांच्याशी सभेत सगळ्यांसमोर बोलू नका. घरी जा, एकट्या जा. त्यांच्या वाक्यात तथ्य आहे हे आधी मान्य करा, कारण खरंच आहे. लांब शेपटीचे मकाक कितीतरी शहरांत पावलोपावली दिसतात, तरी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्यांना धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. जंगलं जाताहेत, ती पकडली आणि विकली जाताहेत. रस्त्याकडेला गर्दी दिसते म्हणून ती जात सुखात आहे असं नसतं. आजींची कणव खोटी नाही. पण त्यांच्या हातून जे घडतं त्यानं माकडांचं भलं होत नाही, हे त्यांना प्रेमानं सांगता येईल.

काय सांगाल? शिमल्यातल्या ऱ्हीसस माकडांवर स्टेफानो काबुरू आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. जी माकडं माणसांच्या मागे जास्त वेळ घालवत होती, त्यांना विश्रांतीला आणि एकमेकांच्या उवा काढायला कमी वेळ मिळत होता. उवा काढणं ही माकडांची नाती जोडण्याची, भांडण मिटवण्याची रीत. आयतं मिळाल्यानं त्यांना निवांतपणा येईल असं आपल्याला वाटतं, पण माणसावर सतत नजर ठेवून राहण्यात तोच वेळ जातो. थायलंडमधल्या लोपबुरी शहरात पर्यटकांच्या हातच्या खाण्यावर शेकडो माकडं वाढली. मार्च २०२० मध्ये महामारीनं पर्यटक थांबले आणि भर रस्त्यात माकडांच्या झुंडी खाण्यासाठी एकमेकींवर तुटून पडल्याचं सगळ्या जगानं पाहिलं. चार वर्षांनी, २०२४ मध्ये, तिथल्या प्रशासनाला ती माकडं धरून पिंजऱ्यात न्यावी लागली. बँकॉकमध्ये २०१७ साली एक लठ्ठ मकाक पकडला होता. लोकांनी टाकलेल्या गोडधोड खाण्यावर त्याचं वजन सुमारे १५ किलो झालं होतं, त्याच्या जातीच्या नराच्या जवळजवळ दुप्पट. आणि एक साधा हिशेब: भरपूर खायला मिळणाऱ्या मादीला जवळजवळ दरवर्षी पिल्लू होऊ शकतं. ऱ्हीससचा गर्भकाळ साडेपाच महिन्यांच्या आसपास असतो. गच्चीवर वाढलेल्या पिल्लांना पुढे ती गच्ची पुरत नाही. मग ती खिडक्यांकडे वळतात.

पण आजींच्या हातातलं काढून घेतलंत तर त्यांच्या हाती काहीतरी द्या. त्या रोज पहाटे जाग्या असतात, टोळी त्यांना ओळखते, त्या टोळीला ओळखतात. त्यांना वही द्या. किती आली, कुठल्या बाजूनं आली, कुठल्या पाइपावरून चढली, पिल्लं किती, किती वेळ थांबली. पुढच्या काही महिन्यांत सोसायटीला हीच माहिती सगळ्यात जास्त लागणार आहे आणि ती आजींशिवाय कुणाला नीट देता येणार नाही. खायला घालणं बंद झालं तरी माकडांशी असलेलं त्यांचं नातं तुटायला नको.

पकडून सोडण्याच्या ठरावाला मात्र ठाम विरोध करा. यावर माझ्या मनात कसलाही किंतु नाही. पकडताना टोळी फुटते. माद्या एका गाडीत, पिल्लं दुसऱ्या, काही सुटून मागेच. ज्या जंगलात सोडाल तिथे बहुधा आधीच दुसरी टोळी असते आणि ती यांना टिकू देत नाही. शहराच्या खाण्यावर वाढलेली ही माकडं तिथे जवळचं गाव शोधतात, मग तुमचा त्रास त्या गावाच्या वाट्याला जातो. इकडे तुमच्या इमारतीतलं खाणं जागच्या जागी असतं, त्यामुळे शेजारची टोळी मोकळ्या जागेत सरकते. दिल्लीत २००७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर माकडं धरून असोला भाटी अभयारण्यात नेण्याचं काम सुरू झालं. हजारो माकडं तिकडे नेली गेली. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी त्याच शहरात माकडांना घाबरवायला वानरांची मोठमोठी चित्रं उभी करावी लागली आणि वानराचा आवाज काढणारी माणसं नेमावी लागली. तशी चित्रं लावायची कल्पना तुमच्याही सभेत कुणीतरी मांडेल. हलत नाही, पाठलाग करत नाही अशा चित्राला ही माकडं फार दिवस भीत नाहीत.

मग सभेत काय मांडायचं? तीन महिने माकडांचं खाणं बंद, सगळ्या इमारतीनं एकत्र. एवढा एकच ठराव. कचऱ्याच्या डब्याला दांडीनं किंवा साखळीनं बंद होणारं झाकण हवं, आणि डबा गाडी यायच्या वेळीच बाहेर यावा, आदल्या रात्री नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप. स्वयंपाकघराच्या खिडकीला बारीक, मजबूत जाळी, आणि ओट्यावर उघडं काही नाही. माकड जे बघतं त्यासाठीच येतं, त्यामुळे खिडकीतून दिसणारी फळांची टोपली आतल्या खोलीत न्या. ज्या पाइपावरून ती चढतात त्यावर गुळगुळीत पत्र्याची रुंद पट्टी बसवून घ्या. गच्चीवर झुकलेल्या फांद्या गरजेपुरत्या छाटा, झाड तोडू नका. झाड गेलं तर ती तारांवरून येतील आणि विजेच्या धक्क्यानं मरतील. केनियातल्या डिआनी या गावी माकडांना रस्त्याच्या वरून पलीकडे जाता यावं म्हणून शिडीसारखे लटकते पूल बांधले आहेत. झाडं आणि वाटा राखल्या तर माकडं घरांतून जायचं टाळतात, हा विचार तुमच्याही आवारात लागू पडतो.

यात एक धोक्याचं वळण आहे आणि ते सभेत आधीच सांगितलं नाही तर सगळं फसेल. खाणं बंद झालं की माकडं सुरुवातीला जास्त त्रास देतात. जिथे कालपर्यंत मिळत होतं तिथे आज मिळत नाही, म्हणून ती जास्त जोर लावतात, नवी दारं तपासतात, आक्रमक होतात. कुठलाही प्राणी असंच करतो. नेमकं त्याच दिवसांत कुणीतरी वैतागून किंवा दयेनं एखादं फळ फेकतं, आणि त्या एका फळातून माकडं शिकतात की पुरेसा जोर लावला तर मिळतं. कधीतरीच मिळणाऱ्या खाण्याची सवय रोज मिळणाऱ्या खाण्यापेक्षा सुटायला जास्त कठीण असते. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरानं नियम मोडला तर चारही मजल्यांचे कष्ट वाया जातात. त्या सुरुवातीच्या काळात मुलांना एकटं सोडू नका, जिन्यात मोठी माणसं आळीपाळीनं असू द्या. हुसकावायचं तर दोघा-तिघांनी मिळून, लांबून, काठी जमिनीवर आपटत, भांडी वाजवत, आणि त्यांना पळायला वाट मोकळी ठेवून. कोंडलेलं माकड अंगावर येतं. केपटाऊनमध्ये बबूनांना वस्तीबाहेर ठेवायला माणसं नेमलेली असतात, आणि त्यात यश येतं ते रोज, न चुकता, पहाटेपासून उभं राहिल्यानं. आठवड्यातून दोन दिवस हुसकावलं तर बबून उरलेले पाच दिवस शोधून काढतात.

त्याच केपटाऊनमध्ये फ्रेड नावाचा एक बबून होता. गाड्यांची दारं उघडून आत शिरायला तो शिकला होता. आधी खाणं उचलायचा, पुढे विरोध करणाऱ्या माणसांवर धावून जाऊ लागला, काहींना जखमा झाल्या. २०११ मध्ये त्याला पकडून मारण्यात आलं. गाडीच्या खिडकीतून पहिला घास त्याला ज्या माणसानं दिला, त्याला हे कधी कळलंही नसेल. आजींशी बोलताना जमलं तर ही गोष्ट सांगा.

शेजारच्या दोन-चार इमारतींना बरोबर घ्या, कारण टोळीचा फेरा एका कुंपणापुरता नसतो. संख्या फारच वाढली असेल तर वन विभागाकडे नसबंदीची मागणी सगळ्यांनी मिळून करा. हाँगकाँगमध्ये १९९९ पासून माकडांना खायला घालायला बंदी आहे, तिथे त्याला वर्षानुवर्षांच्या गर्भनिरोधनाची जोड दिली आणि जन्म घटले. २०२४ मध्ये त्यांनी दंड वाढवला, म्हणजे लोक तिथेही खायला घालतच होते. सिंगापूरमध्येही कायद्यानं बंदी आहे. हे काम सावकाशीचं आहे, एका सभेत मिटणारं नाही.

शेवटचं एक, आणि हे आज रात्रीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माकड चावलं किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. वर घरगुती लेप लावायचा नाही, घट्ट बांधायची नाही. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारायचं, आणि ते माकड होतं हे आवर्जून सांगायचं. मकाक माकडांच्या शरीरात हर्पीस बी नावाचा विषाणू असू शकतो. माणसाला त्याची लागण क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतते, म्हणून डॉक्टरांना प्राणी कुठला ते माहीत असायला हवं. माकडाची लाळ डोळ्यात उडाली तरी डोळा तितकाच वेळ पाण्यानं धुवायचा. मुलीला बजावून ठेवा, की ओरखडा कितीही बारीक असला आणि ऐकलं नाही म्हणून आई-बाबा रागावतील अशी भीती तिला वाटली, तरी घरी येऊन आधी सांगायचं. आणि तिनं सांगितलं त्या दिवशी खरंच रागावू नका.